आरएस ४५७ घेऊन दीड महिना झाला, गाडी भारी आहे पण मनगटांची वाट लागलीय

आपेवाल्याचा_पोरगा

नमस्कार मंडळी. दसऱ्याला एप्रिलिया आरएस ४५७ घरी आणली, मीटरवर आता १३८० किमी झालेत, पहिली सर्व्हिस पण उरकली. घ्यायच्या आधी सहा महिने इथं नुसतं वाचत होतो, म्हणून म्हटलं आता आपण पण लिहूया, आणि दोन प्रश्न आहेत ते शेवटी विचारतो.

गाव बारामती तालुक्यात, नोकरी पुण्यात हडपसरला. ही गाडी पियाजिओच्या बारामतीच्या प्लांटमध्येच बनते, आणि वडिलांनी पंधरा वर्षं ज्या तीनचाकी आपेतून भाजी वाहिली ती पण तिथलीच, त्यामुळे इटालियन गाडी वगैरे सांगून आमच्या घरात कोणी इंप्रेस होत नाही. वडिलांचं एकच चालू आहे की २०२५ च्या सप्टेंबरात सरकारने ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांचा जीएसटी २८ चा १८ केला आणि तू नेमकी ४० टक्केवाली उचललीस. ३५० च्या वर पाच वर्षांचा थर्ड पार्टी इन्शुरन्स १५ हजारांच्या वर जातो हे त्यांना अजून सांगितलेलं नाही, कोणी सांगू पण नका.

आधी आठ वर्षं १५० सीसीची कम्युटर (रोजच्या वापराची साधी गाडी) होती, तिच्यावरून डायरेक्ट ४७.६ पीएस ताकदीवर. पहिल्या दिवशी शोरूममधून निघताना चक्क भीती वाटली, पण खरं सांगू का, गाडी हळू चालवली तर एकदम शहाण्यासारखी चालते. दोन सिलिंडर आहेत, क्रँक (पिस्टनने फिरणारा इंजिनचा मुख्य दांडा) २७० डिग्रीचा, म्हणून दोन्ही एकसारख्या अंतराने फायर होत नाहीत, आवाज व्ही-ट्विनसारखा (व्ही आकारात दोन सिलिंडर असलेल्या इंजिनसारखा) धडधड येतो. सोसायटीतल्या पोरांना वाटतं मी सायलेन्सर बदलला, बदललेला नाही, कंपनीचाच आहे. पाच-सहा हजार आरपीएमच्या पुढे जे खेचते ते शब्दात नाही सांगता येत. रनिंग-इन (नव्या इंजिनचे सुरुवातीचे जपून चालवायचे किमी) संपेपर्यंत मॅन्युअलमधली आरपीएमची मर्यादा पाळली, हात शिवशिवत होते पण पाळली. वजन १७५ किलो, चालताना कळत नाही, बेसमेंट पार्किंगच्या उतारावर ढकलताना बरोबर कळतं.

आता प्रश्न. एक, खराडी ते हडपसर रोज जाऊन-येऊन मनगटं ठणकतात, उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट बधिर होतं. हँडल वर उचलणारे रायझर टाकू का? की माझ्यासाठी ही गाडीच चुकली? दोन, चेन ढिली वाटली म्हणून घराजवळच्या गॅरेजवाल्याकडून ताणून घेतली, तेव्हापासून खालून घूंऽऽ असा आवाज येतोय आणि स्पीडब्रेकरवर मागून दणका बसतोय. आधी एवढा बसत नव्हता.

घाटवेडा

अभिनंदन भावा! फोटो टाक की, कोणता कलर?

मनगटाचं सांगतो, चार वर्षं स्पोर्ट बाईक चालवतोय. ९० टक्के लोकांचं हेच होतं, कारण आपण कम्युटरवर बसल्यासारखे बसतो आणि हँडलवर रेलतो. अंगाचा सगळा भार तळहातावर. टाकी दोन्ही गुडघ्यांनी घट्ट धर, पोट-कंबर आवळून पाठीने स्वतःला सावर, हात फक्त गाडी वळवायला आणि थ्रॉटलला. चालता चालता कोपरं कोंबडीच्या पंखासारखी वरखाली करून बघ. जमलं तर बरोबर बसलायस, नाही जमलं तर हँडलवर लटकलायस. लोक हसतील, हसू दे.

आणि सिटीत जास्त दुखतं त्याचं कारण वेगळं आहे, तिथं स्पीडच नाही. ७०-८० ला समोरून वारा छातीला लागतो तो थोडा भार उचलतो, हडपसरच्या ट्रॅफिकमध्ये कुठला आलाय वारा.

पाचफुटी_रायडर

मी यामाहाची आर१५ व्ही४ चालवते, उंची ५ फूट २, तिची सीट ८१५ एमएम आहे, तुझी ८०० आहे म्हणजे तू माझ्यापेक्षा सुखी. सुरुवातीला मला पण बोटं बधिर व्हायची. दोन गोष्टींनी फरक पडला. क्लच-ब्रेकचे लिव्हर जरा खाली फिरवून घेतले, म्हणजे बोटं लिव्हरवर ठेवली की मनगट वर वाकत नाही, कोपरापासून बोटांपर्यंत एक रेघ राहते. पाना फिरवायचं काम आहे, पैसे लागत नाहीत. आणि दुसरं म्हणजे रोज प्लँक. पहिल्या दिवशी वीस सेकंदात आडवी झाले होते, आता दीड मिनिट निघतं.

ग्रिप आवळून धरतोस का बघ, नवीन पॉवरफुल गाडी घेतली की भीतीने मूठ आवळली जाते, आपल्याला कळत पण नाही. हातात अंडं धरल्यासारखं धर. आणि एवढं करून महिनाभरात बधिरपणा गेला नाही तर सरळ डॉक्टरला दाखव, करंगळीकडची नस दाबली जाते, ते अंगावर काढू नको.

नगरी_फटफटी

मी बोललो की लोकांना राग येतो पण बोलतो. एवढे पैसे टाकले, चालवणार कुठं? पुणे-मुंबई एक्सप्रेसवेवर टू-व्हीलरला बंदी, समृद्धीवर बंदी, अटल सेतूवर बंदी. राहिले रस्ते ते खड्ड्यांचे. ४७ पीएस घेऊन हडपसरच्या पुलाखाली फर्स्ट गिअरमध्ये उभं राहायचं आणि फॅनचा गरम वारा मांडीवर घ्यायचा. त्यापेक्षा आमची स्प्लेंडर बरी, ७० देते आणि मनगट पण दुखत नाही.

घाटवेडा

नगरी भाऊ, तुम्ही प्रत्येक धाग्यात हेच लिहिता 😄 जुना मुंबई हायवे आहे, ताम्हिणी आहे, खंबाटकी आहे, आंबोली आहे. घाटात १४० ची गरजच नसते, ५० च्या स्पीडला वळणातून बाहेर येताना जे मिळतं त्याचे पैसे असतात.

आपेवाल्याचा_पोरगा

फोटो अपलोडच होत नाहीये, काळी घेतलीय.

@नगरी_फटफटी काका राग नाही आला, वडील पण तेच म्हणतात. पण मला टॉप स्पीड नकोच होता. बारामतीला जाताना सासवड-जेजुरी मार्गे जातो, सध्या कारखाने सुरू झालेत, उसाने भरलेले दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर रस्ता अडवून चाललेले असतात, मागे ना लाइट ना रिफ्लेक्टर. जुन्या गाडीवर ओव्हरटेक म्हणजे गिअर पाडा, पिळा, आणि देवाचं नाव घ्या. हिला नुसतं मनगट फिरवलं की पुढे. (हो, तेच दुखरं मनगट.) रात्री मात्र मी त्या रस्त्याला जातच नाही, पॉवर कितीही असू दे, न दिसणाऱ्या ट्रॉलीपुढे काय करणार.

चेनचं कोणीच बोललं नाही अजून.

पाना_नंबर_दहा

चेनचं मी सांगतो, सोळा वर्षं गॅरेज चालवतोय, आणि रायझर राहू दे बाजूला, हे आधी कर. तुझी चेन टाइट केलीय. शंभर टक्के.

गाडी उभी असताना चेन थोडी लोंबलेली दिसायलाच पाहिजे. तू वर बसलास, खड्ड्यात मागचं चाक वर गेलं की मागचा आणि पुढचा स्प्रॉकेट (चेनची दातेरी चकती) एकमेकांपासून लांब जातात आणि चेन आपोआप ताणली जाते. आता उभी असतानाच ताणून ठेवली तर चाकाला वर जायला जागाच राहत नाही, सस्पेन्शन अर्ध्यात अडतं, तोच दणका तुला बसतोय. घूं आवाज पण त्याचाच. असंच चालवलंस तर आधी चेन-स्प्रॉकेट जाईल, मग चाकाचं बेअरिंग, आणि इंजिनमधून जो शाफ्ट बाहेर येतो त्याच्या बेअरिंगवर लोड, तिथं गेलं तर खर्च विचारू नको.

घरी चेक कर. दोघातिघांना गाडीवर बसव म्हणजे मागची बाजू खाली दबेल, आणि एकाने खालच्या चेनला मधोमध बोटाने वरखाली हलवायचं. हललीच नाही, तारेसारखी झाली असेल तर टाइट आहे. किती एमएम ढील पाहिजे तो आकडा मॅन्युअलमध्ये आहे, तोच धर, ‘अंदाजे’ करणाऱ्याकडे जाऊ नको. चाक थोडं थोडं फिरवून तीन-चार जागी मोज, चेन सगळीकडे सारखी नसते, सगळ्यात टाइट जागेवर आकडा बसला पाहिजे. सैल केल्यावर मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूच्या खुणा सारख्या आहेत का बघ, नाहीतर चाक तिरकं बसतं. एक्सलचा नट टॉर्क पान्यानेच (ठरलेल्या जोराने आवळणारा पाना) आवळून घे.

आणि चेन पेट्रोलने धुवायची नाही, लोखंडी ब्रश लावायचा नाही, आत रबराच्या रिंगा असतात त्या मरतात. पाच-सहाशे किमीला, गाडी फिरवून आणल्यावर चेन कोमट असताना लुब (वंगण) मार.

पाचफुटी_रायडर

काका तुमचा रिप्लाय वाचून मी खाली जाऊन माझी पण चेन बघून आले. ठीक निघाली.

घाटवेडा

क्विकशिफ्टर (क्लच न दाबता गिअर बदलायचा) लावणार असशील तर थांब, आधी तो पैसा चांगल्या ग्लोव्ह्जवर आणि बुटांवर घाल. तळहाताला जेल पॅडवाले घे.

आपेवाल्याचा_पोरगा

अपडेट. रविवारी गावी गेलो होतो. दिवे घाटात गुडघ्याने टाकी धरून गेलो, कोपरं पण हलवली, मागून येणाऱ्या टेम्पोवाल्याने हॉर्न मारला, त्याला वाटलं मी साइड देतोय. मनगट २० टक्केच दुखलं, मांड्या मात्र सोमवारी जिना उतरू देत नव्हत्या. रायझर कॅन्सल. लिव्हर फिरवायचे बाकी आहेत.

चेन चेक करायला गाडीवर बसवायला माणसं पाहिजे होती, मी एकटाच. दीड महिना वडील गाडीला हात लावत नव्हते, म्हटलं आप्पा, फक्त दोन मिनिटं बसा, चालवायची नाहीये, वजन पाहिजे. चुलतभाऊ पुढे बसला, आप्पा मागच्या त्या वीतभर सीटवर, धोतर सावरत. खाली वाकून बघितलं तर चेन खरंच तारेसारखी, बोटाने हलेचना. काका तुम्ही बरोबर होता. सोमवारीच आकड्याप्रमाणे सैल करून घेतली, आवाज गेला आणि दणका पण गेला.

आप्पा उतरले, दोन्ही खुणा कशा बघायच्या ते मला नीट विचारून घेतलं, आणि म्हणाले, आपल्या आपेला चेनच नव्हती, एकाच गावची असून तुझ्या गाडीला कशाला लावली?