केंटकी-ड्यूकने एका वर्षाचे पाहुणे आणून काय मिळवलं?

बाकावरचा_कोच
अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलमधला 'वन अँड डन' प्रकार मला कधीच पटला नाही. शाळा संपल्यावर एक वर्ष थांबल्याशिवाय एनबीएत (व्यावसायिक लीगमध्ये) जाता येत नाही, म्हणून पोरं कॉलेजात येतात, एक सीझन खेळतात, निघतात. अशाच पोरांवर उभी २०१५ची केंटकी कॉलेजची टीम सलग ३८ सामने जिंकली आणि राष्ट्रीय स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात विस्कॉन्सिनकडून ७१-६४ हरली. विस्कॉन्सिनचा कमिन्स्की चौथ्या वर्षाला होता. पहिल्या वर्षी त्याला कुणी विचारतही नव्हतं! व्हिलानोव्हाचा मिकाल ब्रिजेस पहिलं अख्खं वर्ष न खेळता नुसता सराव करत राहिला. पुढे २०१६ आणि २०१८ अशी दोन विजेतेपदं.

निळी_जर्सी
विस्कॉन्सिन त्यापुढचाच सामना कुणाकडून हरली ते बरं विसरलात! ड्यूक, ६८-६३. ओकाफोर, विन्स्लो, टायस जोन्स तिघे फ्रेशमन, म्हणजे पहिल्या वर्षाचे. नऊने मागे असताना सामना फिरवणारा ग्रेसन ॲलनसुद्धा फ्रेशमनच. आणि २०१२चा केंटकीचा फ्रेशमन अँथनी डेव्हिस? फायनलला त्याचे दहातले नऊ शॉट चुकले. तरी १६ रिबाउंड (हुकलेला बॉल पकडणं), ६ ब्लॉक (समोरच्याचा शॉट अडवणं) आणि सर्वोत्तम खेळाडूचा मान. असा पोरगा चार वर्षं घासून तयार होत नाही हो, तो शोधून आणावा लागतो.

बाकावरचा_कोच
बरं, २०१५ नंतरचं बोला. झायन, बॅरेट, रेडिश असे तिघे फ्रेशमन असून २०१९ला ड्यूक एका गुणाने मिशिगन स्टेटकडून बाहेर. २०२५ला फ्रेशमन कूपर फ्लॅग असून उपांत्य सामन्यात हातातली आघाडी घालवली, ह्यूस्टनच्या मुरलेल्या पोरांसमोर.

उगाच_मधे
तुमचं भांडण २०२१च्या आधीचं आहे. आता कॉलेज बदललं की वर्षभर बाहेर बसायला लागत नाही, आणि त्याच वर्षापासून पोरांना स्वतःच्या नावावर पैसेही कमावता येतात. घडवून ठेवलेला पोरगा तुमच्याकडे राहील कशावरून? वॉल्टर क्लेटन दोन वर्षं आयोना कॉलेजकडे खेळला, मग २०२५चं विजेतेपद फ्लोरिडाला मिळवून दिलं. आयोनाला काय, टाळ्या?

लाफायेतकर
राहतात की! आमच्या पर्ड्यूचा झॅक ईडी, सात फूट चार इंच, लहानपणी हॉकी नि बेसबॉल खेळणारा. आला तेव्हा मोठ्या कॉलेजांना त्याचं फारसं काही नव्हतं. २०२३ला सोळाव्या म्हणजे सर्वात खालच्या मानांकित फेअरली डिकिन्सनने आमची लाज काढली (त्या रात्रीबद्दल कृपया कुणी विचारू नये), तरी गडी कुठे गेला नाही. चौथ्या वर्षी फायनल, एकट्याचे ३७ गुण.

निळी_जर्सी
आणि कप?

लाफायेतकर
यूकॉनला (कनेक्टिकट). ७५-६०.

उगाच_मधे
त्या यूकॉनचे पाच जण बघा: न्यूटन आणि स्पेन्सर दुसऱ्या कॉलेजांतून आलेले, कॅसल फ्रेशमन, क्लिंगन आणि कॅरबन तिथेच वाढलेले. त्यांच्या कोच हर्लीला तुमच्या वादाशी काही देणंघेणं नाही, जो मिळेल तो घेतो.