बीटल १९६६ (स्विंग ॲक्सल): मागची डावी बाजू खाली बसते, टॉर्शन बारचे दाते किती आणि कुठे फिरवायचे?

मागचं_इंजिन

गाडी १९६६ ची बीटल १३००, स्टिअरिंग उजवीकडे, मागे स्विंग ॲक्सल (चाक ॲक्सलसकट कमानीत वर-खाली होतं ती रचना) आणि स्प्रिंगच्या जागी टॉर्शन बार (टोकांना दाते असलेली, पिळ खाऊन गाडीचा भार पेलणारी सळई). सपाट फरशीवर मडगार्डच्या कडेपर्यंत मोजलं तर मागची डावी बाजू उजवीपेक्षा २२ मिमी खाली येते. टायर चारही एकाच मापाचे, मागे दोन्हीकडे २६ पीएसआय हवा, शॉकॲब्सॉर्बर नवे आहेत.

गॅरेजवाला म्हणतो, "बाहेरून एक दाता फिरवतो, बार काढायची गरज नाही." मला प्रश्न तीन. एका दात्याला गाडी नक्की किती उचलते? बार बाहेर काढावाच लागतो का? आणि उघडतोच आहोत तर स्पीडब्रेकरसाठी दोन्ही बाजू इंचभर वर घेतल्या तर चालेल का?

---

चव्वेचाळीस_दाते

बाहेरून एक दाता फिरवू देऊ नका. गाडी उजवीकडे कलंडेल.

बारच्या आतल्या टोकाला ४० दाते आहेत, म्हणजे एक दाता ९ अंशांचा. बाहेरच्या टोकाला, जिथे स्प्रिंग प्लेट (बार आणि ॲक्सल जोडणारी पोलादी पट्टी) बसते, तिथे ४४. एक दाता ८ अंश १० मिनिटांचा (६० मिनिटं म्हणजे एक अंश). प्लेटची लांबी बारपासून ॲक्सलपर्यंत साधारण ४० सेंमी धरा. नुसता बाहेरचा एक दाता फिरवला की ॲक्सलपाशी ५५ ते ६० मिमीचा फरक पडतो. तुम्हाला हवेत २२.

म्हणूनच दोन टोकांना दात्यांची संख्या वेगळी ठेवली आहे. आतलं टोक एक दाता एका दिशेला आणि बाहेरचं एक दाता उलट दिशेला फिरवलं की निव्वळ फरक ५० मिनिटांचा, म्हणजे ॲक्सलपाशी जेमतेम ६ मिमी. त्यामुळे बार बाहेर काढावाच लागतो. बार न काढता बारीक ॲडजस्टमेंट होत नाही.

उंची मात्र मडगार्डवरून ठरवू नका. मडगार्ड बोल्टवर बसतं, मध्ये बीडिंग असतं, आणि साठ वर्षांत पत्रा कुठे ना कुठे ठोकलेला असतोच. प्लेटचा कोन मोजा. १९६६ च्या स्विंग ॲक्सलला बारवर काहीही भार नसताना प्लेट १७ अंश ३० मिनिटं खाली झुकलेली हवी, ५० मिनिटं इकडे-तिकडे चालतं. १९६७ पासून मागे इक्वलायझर (दोन्ही मागच्या चाकांना जोडणारी जादा सळई) आला आणि कोन बदलला, तेव्हा इंटरनेटवरचा कुठलाही आकडा उचलून वापरू नका.

मोजायची रीत: कोनमापक आधी दाराच्या उंबऱ्यावर ठेवून गाडी स्वतः किती तिरकी आहे ते लिहून घ्या. मग प्लेटवर ठेवा, प्लेट हाताने हलकीशी वर धरून, म्हणजे दात्यांमधली ढिलाई निघते. दोन्ही आकड्यांतला फरक हा खरा कोन. ही मोजणी प्लेट तिच्या खालच्या टेकूवरून (प्लेटला आणखी खाली जाऊ न देणारी कड) मोकळी केल्यावरच करायची. टेकूवर बसलेल्या प्लेटचा कोन दोन्हीकडे सारखाच दिसेल, त्याचा उपयोग शून्य.

इंचभर वर घेण्याबद्दल: नको. स्विंग ॲक्सलमध्ये मागचा भाग उचलला की चाकं वरून बाहेर आणि खालून आत झुकतात. अशी गाडी वळणावर जोरात घातली की बाहेरचं चाक आणखी आत दुमडतं आणि मागचा भाग उचलला जातो. या गाडीची जी बदनामी आहे ती याच कारणाने. कंपनीचा कोन ठेवा, तेवढी उंची स्पीडब्रेकरला पुरते.

---

गंजरोधक

वरचा हिशोब बरोबर आहे. मी फक्त खोलण्याबद्दल लिहितो, कारण हात मोडतात ते इथे.

पुढच्या चाकांना दोन्हीकडून उटी (अडकवायचे ठोकळे) लावा. स्टँड टॉर्शन बारच्या नळीखाली, प्लेटच्या कव्हरच्या आतल्या बाजूला. बाजूच्या जॅक पॉइंटवर किंवा फ्लोअरच्या पत्र्यावर अजिबात नाही. कोकणात, गोव्यात राहिलेल्या गाड्यांचे जॅक पॉइंट वरून रंगवलेले आणि आतून पापड झालेले असतात.

चाक काढा, शॉकॲब्सॉर्बरचा खालचा बोल्ट काढा, हँडब्रेकची केबल लिव्हरपाशी ढिली करा. आता छिन्नीने प्लेट आणि ॲक्सलच्या बैठकीवर मिळून एक आडवी खूण मारा. प्लेटची भोकं लांबट आहेत, आणि ॲक्सल त्यांत पुढे-मागे कुठे बसतो यावर मागच्या चाकाचा टो (चाकाचं तोंड आत की बाहेर वळलेलं) ठरतो. मार्करची रेघ ग्रीसच्या हाताने पुसली जाते, छिन्नीच हवी. मग तीन बोल्ट काढून ॲक्सल मागे सरकवा, पण खाली टेकू द्या. ब्रेकच्या होजवर ॲक्सल लटकवला तर होज आतून फाटतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

कव्हरचे चार बोल्ट काढण्याआधी प्लेटखाली जॅक. प्लेट टेकूवर बसलेली असली तरी बार पिळलेलाच आहे. जॅकने ती टेकूवरून जराशी उचला, टॉमीने (उचकटायच्या सळईने) बाहेर ओढा, मग जॅक हळूहळू उतरवा. जॅक न लावता टॉमीने उचकटली तर प्लेट खाली सुटते आणि वाटेतलं बोट घेऊन जाते. प्लेटला साखळीही बांधा. तोंड आणि गुडघे तिच्या फेऱ्याबाहेर.

बार बाहेर येताना मडगार्ड आडवं येतं. त्याचे पुढचे चार-पाच बोल्ट काढले की ते बाहेर ताणता येतं, पूर्ण काढायची गरज नाही.

प्लेट दात्यांवर गंजून बसली असेल तर गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवा, मग मागून लाकूड धरून ठोका. गॅसचा टॉर्च लावू देऊ नका, बारचं पाणी उतरतं आणि तो पुन्हा बसतो किंवा तुटतो. बारला पाइप पानाही लावायचा नाही. रंगावर उठलेला एक ओरखडा गंजतो आणि बार तिथेच तुटतो. आतलं टोक तुटून अडकलं तर ते काढायला दुसऱ्या बाजूचाही बार काढून पलीकडून सळई घालावी लागते.

डावा-उजवा बार अदलाबदल करायचा नाही. प्रत्येक बार एकाच दिशेच्या पिळासाठी तयार केलेला असतो, टोकावर अक्षर असतं.

---

सैल_नट

दोघांचं वाचलं. पण यापेक्षा ॲडजस्टेबल स्प्रिंग प्लेट का घेत नाही? दोन तुकड्यांची येते, मध्ये बोल्ट असतो. एकदा बसवली की जमिनीवर बसून पान्याने उंची कमी-जास्त करता येते. दाते मोजायची कटकट नाही.

---

चव्वेचाळीस_दाते

@सैल_नट, ती बसवायलाही बाहेरची प्लेट काढावीच लागते, म्हणजे वरचे सगळे उपद्व्याप होणारच. शिवाय तिचा बोल्ट गाडीच्या खाली, चिखलात. दोन पावसाळे गेले की फिरत नाही. रेसिंगसाठी किंवा दर महिन्याला उंची बदलणाऱ्यासाठी ठीक. एकदाच सरळ करायची गाडी असेल तर मूळ प्लेट बरी.

आणि एका बाजूची प्लेट वर-खाली करून मडगार्ड लेव्हल करणं हे त्या प्लेटवाल्यांचं आवडतं काम. त्याने गाडी सरळ *दिसते*. प्रत्यक्षात मागचा एक कोपरा उचलला की तिरप्या रेषेतलं पुढचं चाक जास्त वजन घेतं, आणि ब्रेक मारल्यावर गाडी ओढते.

---

मागचं_इंजिन

दोन्ही बाजू खोलल्या. उंबरा वजा करून उजवी १७ अंश २० मिनिटं, डावी १५ अंश बरोबर. आतला रबर बुश (प्लेटच्या मुळाशी बसणारं रबरी कडं) डावीकडे चपटा झालाय. मोबाइलच्या ॲपने मोजलंय. आता डावीकडे किती?

---

चव्वेचाळीस_दाते

मोबाइलने पुन्हा मोजू नका. त्याच्या कडा गोल असतात, आणि तुमची सगळ्यात छोटी पायरीच ०.८३ अंशाची (वरची ५० मिनिटं) आहे. ॲप अर्धा अंश चुकलं की अर्ध्याहून जास्त पायरी गेली. चुंबकाचा डिजिटल कोनमापक घ्या, प्लेटवरचा गंज घासून काढा, तीनदा ठेवून बघा.

आकडे तेच निघाले तर उजवीला हात लावायचा नाही. डावीला अडीच अंश हवेत, म्हणजे तीन पायऱ्या. प्लेट बारवर तशीच ठेवून बार आतल्या दात्यांतून बाहेर घ्या, प्लेटचं टोक खाली जाईल अशा दिशेने तीन दाते फिरवून परत बसवा (२७ अंश खाली). मग प्लेट बारवरून काढून तीन दाते वर घेऊन बसवा (२४ अंश ३० मिनिटं वर). निव्वळ अडीच अंश खाली, कोन १७ अंश ३० मिनिटं. ॲक्सलपाशी साधारण १७ मिमी मिळतील. तुमच्या २२ पैकी उरलेले मडगार्डचे असतील किंवा पुढच्या ॲक्सलच्या बीमचे, ते मागून भरून काढू नका.

योगायोग बघा: चालक उजवीकडे, बॅटरीही मागच्या सीटखाली उजवीकडे, तरी बसली डावी. म्हणजे वजन नाही, बार किंवा बुशच. बारच उतरलाय, की आधी कुणी तो चुकीच्या दात्यावर बसवलाय, हे आता सांगता येणार नाही. तीनेक महिन्यांनी पुन्हा मोजा. पुन्हा उतरला तर बारच बदला.

---

गंजरोधक

बसवताना: दात्यांना ग्रीस, बुशला ग्रीस नाही, टाल्कम पावडर. ग्रीसने रबर फुगतो. चारही बुश नवे घ्या. आतला आणि बाहेरचा वेगळा असतो, आणि 'ओबेन' (जर्मनमध्ये 'वर') लिहिलेला भाग वर. पॉलियुरेथेनचे घेतलेत तर कुरकुर होईल, काहींना त्याचं काही वाटत नाही.

नवा रबर जाड असल्याने कव्हरचे मूळ बोल्ट भोकापर्यंत पोचत नाहीत. त्याच आट्याचे दोन लांब बोल्ट समोरासमोर लावून कव्हर आत ओढा, उरलेल्या दोन भोकांत मूळ बोल्ट लावा, मग लांबवाले बदला.

प्लेट टेकूवर चढवताना जॅक लावला की प्लेट वर येण्याऐवजी गाडीच स्टँडवरून उचलली जाते. मागच्या सीटवर माणसं बसवणारे आहेत. ते करू नका. जाड साखळी शॉकॲब्सॉर्बरच्या वरच्या बैठकीवरून घेऊन जॅकच्या पायाखालून बांधा, म्हणजे जॅक गाडीला न ढकलता स्वतःच्याच साखळीला ताणतो. प्लेट टेकूच्या वर आली की आत ठोका, कव्हर आवळा, मगच जॅक सोडा.

ॲक्सल छिन्नीच्या खुणेवर, तीन बोल्ट १०८ न्यूटन-मीटर. आणि जॅकवरून उतरवल्याबरोबर मोजायला बसू नका. स्विंग ॲक्सलची चाकं आत दुमडलेली असतात, गाडी दोन-तीन इंच उंच दिसते. आधी चार-पाच किलोमीटर चालवा, सपाट जागी पुढे-मागे ढकलून थांबवा, हँडब्रेक न ओढता मोजा.