प्रतिसाद: ब्रुनेल्लो आणि इल ग्रेप्पोचा मळा

ब्रुनेल्लो ही इटालियन लाल वाइन म्हणजे अधिक काळ मुरवलेली कियांतीच (तोस्काना प्रांतातील दुसरी प्रसिद्ध लाल वाइन), हे एका वाचकाचे विधान मला अपुरे वाटते. सांजोवेझे हे द्राक्ष दोन्हींत आहे खरे. पण कियांतीत त्या काळी इतर जातींची, अगदी पांढऱ्या द्राक्षांचीही मिसळ होत असे, तर तोस्कानातीलच मोंताल्चिनो गावाजवळच्या टेकडीवर, इल ग्रेप्पो या मळ्यात, फेरुच्चो बियोंदी-सांती यांनी निव्वळ सांजोवेझेची वाइन, म्हणजेच ब्रुनेल्लो, करून ती मोठ्या लाकडी पिंपांत वर्षानुवर्षे मुरवण्याचा हट्ट धरला. त्यांच्या १८८८ च्या हंगामातील मोजक्या बाटल्या आजही जपलेल्या आहेत.

त्यांचे पुत्र तांक्रेदी यांची पद्धत तर विलक्षणच: जुन्या रिझेर्वाच्या (अधिक काळ मुरवलेल्या खास वाइनच्या) बाटलीत वाइनची पातळी उतरली, की बूच काढायचे, चव पाहायची, त्याच वर्षाच्या दुसऱ्या बाटलीतील वाइनने ती भरायची आणि नवे बूच बसवायचे. इतकी वर्षे वाइन टिकते ती मुख्यतः तिच्यातील आम्लता आणि टॅनिन (द्राक्षाच्या साली-बियांतून येणारा तुरट घटक) यांमुळे. म्हणूनच कोवळ्या वयात ती अनेकांना रुक्ष, काहीशी तुरट वाटते, आणि ती तक्रार अगदीच चुकीची नाही.

ब्रुनेल्लोला १९८० मध्ये डीओसीजी हा इटालियन वाइनचा सर्वोच्च अधिकृत दर्जा मिळाला. मळ्याची मालकी आता फ्रान्सच्या एपी समूहाकडे आहे. किंमत परवडत नसेल, तर त्याच परिसरातील, त्याच द्राक्षाच्या पण कमी मुरवलेल्या रोस्सो दी मोंताल्चिनो या वाइनपासून सुरुवात करावी.