'मी आलो' म्हणणारी बाई : अस्मिता, ओळख की आणखी काही?

शहापूर, बेळगाव
मी लिहिलेल्या एका कथेपायी अडलोय. कथेतली बाई वडगावातली, मागावर बसणारी. ती स्वतःच सांगते, "सकाळी उठलो, पाणी भरलो, मागावर बसलो." मासिकाकडनं मुद्रितं आली तर सगळीकडं 'उठले, भरलं, बसले'. समासात शेरा : 'लिंगाची चूक'. वर परिचयात लिहिलंय, 'स्त्रीच्या अस्मितेची कथा'. शेऱ्याइतकाच मला हा शब्दही टोचतोय.

अस्मिता आली 'अस्मि'वरनं, म्हणजे 'मी आहे'. पण योगसूत्रांत ती पाच क्लेशांत दुसरी : अविद्या, अस्मिता, राग, द्वेष, अभिनिवेश. थोडक्यात, सुटायला हवी अशी गोष्ट. आमच्या गावात आज ती फलकावर असते. एकीकडं 'मराठी अस्मिता', रस्त्यापलीकडं कन्नडची 'अस्मिते'. त्या गर्दीत या बाईनं उभं कुठं राहायचं? दुसरा शब्द सुचवा.

निपाणी
'ओळख' घ्या की. साधा शब्द, आमची आजी 'वळख' म्हणायची. एक अडचण आहे मात्र. ओळखायला समोर कोणीतरी लागतं. कन्नडातला 'गुरुतु' तसाच, म्हणून तर ओळखपत्राला 'गुरुतिन चीटि'. बाईची ओळख तर लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं नव्यानं लिहितात. माझ्या आईचं माहेरचं नाव मला दहावीत कळलं, तेही मामाच्या पत्रावरनं. 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह 1933 साली विभावरी शिरूरकर या नावानं आला. लिहिणाऱ्या होत्या बाळूताई खरे, लग्नानंतर मालतीबाई बेडेकर. तिन्हींतली ओळख कुठली म्हणायची? (तुमच्या बेळगावचंही 2014 मध्ये कागदोपत्री बेळगावी झालंच की. असो.)

खानापूर
मला शब्दापेक्षा तुमचं क्रियापद मोलाचं वाटतं. फ्रेंच तत्त्वज्ञ सार्त्र म्हणतो, अस्तित्व आधी, सार मागनं; म्हणजे माणूस आधी नुसता असतो, तो काय आहे ते मागनं ठरतं. फ्रेंच लेखिका सिमोन द बोव्हारनं 1949 मध्ये तेच बाईपर्यंत नेलं : बाई जन्मत नाही, ती बाई होत जाते. आता कन्नड बघा. 'नानु बंदे', म्हणजे 'मी आलो' किंवा 'मी आले', बाप्यानं म्हणा नाहीतर बाईनं, रूप एकच. दुसरा कोणी तिच्याबद्दल बोलायला लागला की 'बंदळु', म्हणजे 'ती आली'. म्हणजे 'मी' म्हणताना ती नुसती असते, लोकांच्या तोंडी गेली की बाई होते. तुमच्या मागवालीचं 'मी आलो, ती आली' अगदी असंच. ही चूक नव्हे, कथेचा कणाच आहे. शेरा खोडा.

चिकोडी
दादा, एवढं हुरळू नका. 'आलो' हे पुरुषाचंच रूप आहे, बाईनं वापरलं म्हणून ते निर्लिंगी होत नाही. बोव्हारचं दुखणं हेच तर होतं : पुरुष म्हणजे माणूस, बाई म्हणजे 'इतर'. (त्याला मराठीत 'दुसरी' म्हणू नका बरं. आमच्याकडं 'दुसरी केली' म्हटलं की सवत आली.) आणि सगळं कन्नडावर ढकलायचं कारण नाही, कोल्हापूरकडच्या बायकाही आलो-गेलो म्हणतात. 'पाणी भरलो'वर कन्नडची छाया म्हणा, ते पटेल. तिथं प्रमाण मराठीत होतं तसं 'मी'ला 'नं' लागल्यासारखं धरून क्रियापद पाण्यामागं जात नाही, करणारीमागंच राहतं.

शहापूर, बेळगाव
ताई, शेवटचं वाक्य वाचून थांबलो. प्रमाण मराठीत 'मी पाणी भरलं', क्रियापद पाण्याचं. आमच्यात 'मी पाणी भरलो', क्रियापद तिचं. रूप पुरुषी आहे, कबूल. तरी काम केलेलं तिच्या नावावर राहतंय.

परिचयातनं 'अस्मिता' काढायला सांगतो. तिथं काही घालायचंच नाही, 'मागावर काम करणाऱ्या बाईची कथा' एवढं पुरे. 'उठलो, भरलो, बसलो' पूर्ववत. मात्र एक जागा राहिली. बँकेच्या प्रसंगात ती साहेबांसमोर खुर्चीच्या कडेला बसून म्हणते, "मी कर्जासाठी आले होते." ते माझंच आहे, मुद्दाम लिहिलेलं. मुद्रितशोधकानं त्या एका ओळीला हात लावलेला नाही.