एकाच जोडणीवर सगळं घर: इंटरनेट फोन, एफटीपी, व्हीपीएन अडतात. नवा राउटर घ्यावा का?

मेघदूत: कंपनीच्या मोडेममागे माझा राउटर आहे. ब्राउझिंग, व्हिडिओ मस्त चालतं. पण इंटरनेट फोनवर माझा आवाज पलीकडे जातो, त्यांचा मला येत नाही. एफटीपीत (फाइली पाठवण्या-घेण्याची पद्धत) लॉगिन होतं, फाइलींची यादी येत नाही. ऑफिसच्या नेटवर्कशी जोडणारा पीपीटीपी (जुन्या पद्धतीचा) व्हीपीएन एका लॅपटॉपवर चालू असला की दुसऱ्यावर लागत नाही. कोणता राउटर घेऊ?

टिंबटिंब: लॅपटॉप राउटरच्या डीएमझेडमध्ये (बाहेरून येणारं सगळं एकाच मशीनकडे पाठवणारी सेटिंग) टाका, सगळे पोर्ट (जोडण्यांचे क्रमांकित दरवाजे) उघडतील.

कळफलक: डीएमझेड नको हो, ते मशीन थेट बाहेरच्यांसमोर उघडं पडतं. आणि राउटरचा खर्चही आत्ता करू नका.

राउटर सगळं घर एकाच पत्त्यावरून बाहेर नेतो, त्याला नॅट म्हणतात. नॅट पॅकेटवरचा पत्ता आणि पोर्ट बदलतं, आतला मजकूर तसाच ठेवतं. एफटीपी आणि सिप (इंटरनेट फोनचे कॉल जोडणारी पद्धत) मात्र स्वतःचा पत्ता मजकुरातच लिहून पाठवतात. मग पलीकडच्याला तुमचा १९२.१६८ वाला खासगी पत्ता मिळतो आणि त्याचं उत्तर तुमच्यापर्यंत येतच नाही. एफटीपीला पॅसिव्ह मोड लावा. त्यात फाइलींसाठीची दुसरी जोडणीही तुमच्याकडूनच सुरू होते. एसएफटीपी (फाइलींसाठीचीच सुरक्षित पद्धत) मिळत असेल तर उत्तमच, सगळं एका पोर्टवरून जातं.

फोनसाठी राउटरमधलं सिप एएलजी नावाचं सेटिंग बंद करा. मजकुरातले पत्ते दुरुस्त करायलाच ते असतं, पण बऱ्याच राउटरांत अर्धवट काम करून जास्त घोळ घालतं. ते बंद करून फोनच्या ॲपमध्ये स्टन (ॲपला स्वतःचा बाहेरचा पत्ता शोधून देणारी सोय) चालू करा.

पीपीटीपी सोडाच. त्याचा डेटा जीआरई नावाच्या वेगळ्या प्रकारच्या पॅकेटांतून जातो, त्यात पोर्ट नसतात, त्यामुळे एकाच सर्व्हरकडे जाणारे दोन लॅपटॉप वेगळे ओळखणं अनेक राउटरांना जमत नाही. शिवाय त्याची सुरक्षा केव्हाच मोडली आहे. ऑफिसकडे वायरगार्ड व्हीपीएन मागा, किंवा नॅट-टीवाला (नॅटमधून जाऊ शकणारा) आयपीसेक व्हीपीएन. तो यूडीपीच्या (पोर्ट असलेल्या पॅकेटांचा एक प्रकार) पोर्ट ४५०० वरून जातो.

राउटरच्या वॅनवर (बाहेरच्या बाजूला) कोणता पत्ता दिसतो?

मेघदूत: १९२.१६८.१.२. एएलजी बंद केल्यावर दोन्हीकडचा आवाज येतोय! एफटीपीही झालं. फक्त फोन बराच वेळ पडून राहिला की येणारे कॉल वाजत नाहीत.

कळफलक: म्हणजे मोडेमही नॅट करतोय, दुहेरी झालं. मोडेम ब्रिज मोडवर (नॅट न करता नुसतं पुढे पाठवणं) टाका. त्यानंतर वॅनवर १००.६४ ते १००.१२७ मधला पत्ता आला तर कंपनीच्या बाजूलाही नॅट आहे. तिथे तुमच्या पोर्ट फॉरवर्डिंगचा (बाहेरून येणारं ठरावीक मशीनकडे वळवणं) उपयोग नाही, सार्वजनिक पत्ता किंवा आयपीव्ही६ (पत्त्यांची नवी पद्धत) मागावं लागेल.

कॉल न वाजण्याचं कारण वेगळं. यूडीपीवर हालचाल नसली की राउटर त्या जोडणीची आपल्याकडची नोंद पुसून टाकतो, काही तर अर्ध्या मिनिटातच. ॲपमध्ये कीप-अलाइव्ह (जोडणी जागी ठेवणारा छोटा संदेश) २५ सेकंदांवर ठेवा.