मोह, राग, मरगळ आणि रोजचा नेम : ख्रिस्ती साधनेतील अनुभव

बायबलच्या नव्या करारातील गलतीकरांस पत्रात प्रेषित पौलाने संयमाची गणना पवित्र आत्म्याच्या फळांत केली आहे. त्यामुळे ख्रिस्ती साधनेत तो निव्वळ मनोबलाचा पराक्रम ठरत नाही. तरीही जीभ आवरणे, हातातले काम पुरे करणे, ठरलेल्या वेळी प्रार्थनेला बसणे या गोष्टी आपल्यावतीने दुसरे कोणी करत नाही. म्हणून येथे उपदेश नको, अनुभव हवेत. कोणत्या अडचणीवर कोणता नेम उपयोगी पडला आणि कोणता पडला नाही, हे दोन्ही लिहावे.

शिक्षिका :
माझी अडचण टोमण्यांची. येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांच्या, १५४८ मध्ये पोपची मान्यता मिळालेल्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकात एका वेळी एकच दोष हाती घेण्याची पद्धत आहे. आठवड्याच्या प्रत्येक दिवसासाठी दोन रेघा आखायच्या, एक दुपारपर्यंतची आणि दुसरी रात्रीपर्यंतची. जितक्या वेळा तोल जाईल तितकी टिंबे त्या रेघेवर द्यायची आणि आजची रेघ कालच्या रेघेशी ताडून पाहायची. चूक झाल्याक्षणी छातीला हात लावायचा, असेही त्यात सांगितले आहे. हे चारचौघांतही कोणाच्या लक्षात न येता करता येते. मी ‘राग’ असा मोठा शब्द न घेता फक्त टोमणा घेतला, कारण टोमणा मोजता येतो. टिंबे दाटत ती दुसऱ्या रेघेवर, घसा बसलेला असताना घेतलेल्या शेवटच्या तासाची. तेव्हा आता त्या तासाला मुलांना लेखनकाम देते. यात अध्यात्म किती आणि वेळापत्रक किती, हे ज्याचे त्याने ठरवावे. माझ्या मते ही फोड करण्याची गरज नाही.

घरून काम करणारा अनुवादक :
चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहिलेल्या इव्हाग्रियस या ख्रिस्ती संन्याशाने भर दुपारी येणाऱ्या मरगळीचे जे वर्णन केले आहे, ते वाचून मी चपापलो. त्यातला संन्यासी सारखा खिडकीकडे पाहतो, जेवणाच्या वेळेला किती अवकाश आहे हे सूर्यावरून अजमावतो, राहत्या जागेला कंटाळतो, आणि मग एखाद्या आजाऱ्याची विचारपूस करायलाच हवी, असे त्याला एकाएकी वाटू लागते. ही शेवटची खूण फार नेमकी आहे, कारण काम टाळताना मलाही नेहमी एखादे सत्कृत्यच आठवते. यावर खोली न सोडणे हा त्याचा मुख्य उपाय. शिवाय आपल्या जिवाचे दोन भाग करून एकाने दुसऱ्याला धीर द्यावा आणि बायबलमधल्या बेचाळिसाव्या स्तोत्राचा आधार घ्यावा, असे तो सुचवतो. ‘हे माझ्या जिवा, तू का खिन्न झालास?’ ही ओळ मी मोठ्याने म्हणतो, हाती घेतलेला परिच्छेद संपवतो आणि मगच उठतो. मरगळ जात नाही, पण परिच्छेद मात्र पुरा होतो.

गृहिणी :
थोडक्यात लिहिते. उपासाच्या दिवशी तोंड उतरवू नका, डोक्याला तेल लावा, तोंड धुवा, असे प्रभू येशूने सांगितले आहे. माझा उपास घरच्यांना माझ्या चिडचिडीवरून कळू लागला, तेव्हा मी अन्नाऐवजी बोलण्याचा उपास धरला : जो हजर नाही त्याच्याविषयी त्या दिवशी काही बोलायचे नाही. अन्नाचा उपास याहून पुष्कळ सोपा होता.

निवृत्त लेखापाल :
वरच्या टिंबांच्या पद्धतीबाबत एक सावधगिरी सुचवतो. ज्यांचे मन मुळातच दोष उकरत बसते, त्यांच्या हाती ती वही देऊ नये. खुद्द इग्नेशियस यांना १५२२ च्या सुमारास स्पेनमधील मानरेसा येथे अशा शंकांनी इतके ग्रासले होते की, धर्मगुरूपुढे एकदा सांगून झालेली पापे ते पुन्हा पुन्हा सांगत आणि त्यांना जीव नकोसा झाला होता. माझ्या धर्मगुरूंनी मला लिहिण्यास स्पष्ट मनाई केली. रात्री आधी दिवसाबद्दल देवाचे आभार मानायचे, मग मागे वळून पाहायचे आणि जो दोष दिसेल तो एकदाच बोलून दाखवायचा, एवढीच मुभा आहे. आकड्यांत आयुष्य गेलेल्या माणसाला हिशेब न ठेवण्याची शिस्त किती जड जाते, हे समव्यवसायी जाणतीलच. मन पुन्हा तेच काढू लागले तर तो प्रश्न सकाळी धर्मगुरूंना विचारायचा, असे आमचे ठरले आहे. अजून तरी विचारण्याजोगे फारसे काही सकाळपर्यंत उरत नाही.