घोड्याखाली पेंढा की शेव्हिंग? माझं मत पेंढ्यालाच

आयाळ:
थेट मुद्द्यावर येतो. ठाणात पेंढाच टाकावा, आणि ज्यांनी तो सोडून लाकडाचा भुसा, शेव्हिंग (रंधा मारताना निघणारे लाकडाचे पातळ काप), पेलेट (भुसा दाबून केलेल्या गोळ्या) वगैरे धरलंय त्यांनी ते घोड्यासाठी नाही, स्वतःचं फावडं हलकं पडावं म्हणून केलंय. राग मानू नका. घोडा उभ्या उभ्या डुलक्या काढतो हे सगळ्यांना माहितीये, पण खरी गाढ झोप, ज्यात स्नायू पार सैल पडतात, तिच्यासाठी त्याला अंग टाकावंच लागतं, आणि शेव्हिंगपेक्षा पेंढ्यावर घोडे जास्त वेळ आडवे होतात हे अभ्यासातही दिसलंय. शिवाय रात्रभर कोंडलेल्या जनावराला तोंड हलवायला काहीतरी मिळतं, नाहीतर ते दार कुरतडत बसतं. उलट मत असेल तर कारणासकट सांगा.

खरारा:
कारणासकट सांगते. माझी घोडी पेंढ्यावर होती तेव्हा सारखी खोकायची, नाकपुड्या फुगलेल्या, श्वास सोडताना इतका जोर की पोटाच्या कडेने रेघ उमटायला लागलेली. डॉक्टर म्हणाले दमा. हो, घोड्यांनाही होतो. पेंढा वरून कितीही पिवळाधमक दिसू दे, गठ्ठा बांधताना थोडी ओल राहिली की आत बुरशी धरते आणि तिचे बीजाणू डोळ्यांना दिसतही नाहीत, गठ्ठा झटकला की सगळे हवेत. मी धूळ काढलेल्या शेव्हिंगवर नेली आणि खोकला गेला. फावड्याचं म्हणाल तर मी रोज सकाळी स्वतः लीद उचलते, तेव्हा ते टोमणे दुसऱ्या कुणाला.

तोबरा:
ताई एक विचारतो, चिडू नका. शेव्हिंगवर नेलीत तेव्हा गवत कोरडं देत होतात की भिजवून?

खरारा:
भिजवून. दोन्ही एकाच आठवड्यात बदललं, हे कबूल.

तोबरा:
मग खोकला शेव्हिंगने गेला की भिजवलेल्या गवताने, सांगणार कसं? घोड्याचं नाक दिवसातले कितीतरी तास गवताच्या जाळीत खुपसलेलं असतं, धूळ तिथेच सगळ्यात जवळून आत जाते, आणि आपण भांडतोय पायाखालच्या थरावर. आणि तुमच्या घोडीखाली शेव्हिंग पण शेजारच्या ठाणात पेंढा झटकतायत तर हवा तीच ना, मधली भिंत वर छतापर्यंत थोडीच असते! ठाण साफ करताना घोडा बाहेर काढा, हे आधी.

रिकीब:
पेंढा खातो हा फायदा म्हणून सांगताय? आमचे एक महाराज आहेत, संध्याकाळी जाड थर घातला की सकाळी जमीन लख्ख. नंतर पोटात गोळा अडकून कॉलिक, म्हणजे पोटशूळ, झाली, रात्रभर डॉक्टर, नळी, सगळं झालं. तेव्हापासून आमच्याकडे रबर मॅट आणि वर पेलेटचा पातळ थर, पाणी शिंपडलं की फुलतात, मूत छान शोषतात. विषय संपला.

आयाळ:
@रिकीब संपला कसा? पातळ म्हणजे किती? रबर मूत शोषत नाही, फटीतून खाली मुरतं आणि तिथे कुजून अमोनिया होतो. एकदा ठाणात उकिडवे बसा आणि नाक जमिनीजवळ न्या, डोळ्यांत पाणी आलं तर समजा की घोडा आडवा झाल्यावर हेच हुंगतो. कडक जमिनीवर मूत अंगावर उडतं म्हणून कित्येक घोडे धरून ठेवतात, आणि मागच्या पायांच्या ढोपरांवर केस गेलेले चट्टे दिसले तर थर कमी पडतोय. खादाड घोड्याला पेंढा नको हे मात्र मान्य. खोकणाऱ्यालाही नको.

रिकीब:
म्हणजे खादाड वगळून, खोकणारा वगळून, उरलेल्यांना पेंढा. बरं 😄

उकिरडा:
लिदीचा कुणी विचार करतंय का? 500 किलोच्या घोड्याची लीद आणि मूत मिळून दिवसाला 20 ते 25 किलो, वर भिजलेलं अंथरूण वेगळं. पेंढ्याचं खत लवकर होतं, लाकडाचा भुसा महिनोनमहिने तसाच पडून राहतो कारण त्यात कार्बन फार, आणि अर्धवट कुजलेला शेतात टाकलात तर जमिनीतलाच नायट्रोजन ओढून घेतो, पीक पिवळं. मी पेंढावाला, पण घोड्यासाठी नाही, खतासाठी.

नवखा:
मी आत्ताच पहिला घोडा घेतलाय, सगळं वाचून डोकं गरगरलं. सुताराकडून फुकट भुसा मिळतोय, गोणी आणून ठेवलीये. चालेल ना?

खरारा:
थांबा! गोणी उघडू नका. आधी लाकूड कोणतं ते विचारा. त्यात काळ्या अक्रोडाचं लाकूड थोडंसं जरी मिसळलेलं असलं तरी एका दिवसात घोड्याचे पाय सुजतात आणि लॅमिनायटिस होतो, म्हणजे खुराच्या आत दाह होऊन घोड्याला पाऊल टाकवत नाही. शिवाय सुताराच्या भुशात खिळे, प्लायचा चुरा, पॉलिश, काहीही निघतं. आणि बारीक भुशाची धूळ पेंढ्याच्या वरताण.

आयाळ:
इथे मी खरारा यांच्या बाजूने. पूर्ण.

नवखा:
फोन केला. म्हणतो मिक्स आहे, कुठलं कुठलं ते त्यालाही माहीत नाही. गोणी परत देऊन येतो, मग तुमचं भांडण पुढे वाचतो.